टाचेचं यंत्र

हाडांच्या ठिसूळपणाचं शिबिर असलं, की हे यंत्र गाडीच्या डिकीतून येतं आणि मंदिराच्या सभामंडपात खुर्चीपुढे बसतं. त्याला वेगळी खोली लागत नाही. त्याच्याजवळ क्ष-किरण नाहीतच. आहे तो फक्त आवाज, माणसाच्या कानाला न कळणारा.

"मावशी, चप्पल काढा," एवढंच सांगावं लागतं. काळ्या रानात भेगाळलेली टाच ते दोन्ही बाजूंनी धरतं. एका बाजूने आवाज सोडतं, दुसऱ्या बाजूने ऐकतं. भरीव हाडातून आवाज वेगाने जातो आणि वाटेत जास्त जिरतो. पोकळ हाडात दोन्ही कमी होतं. मडकं घेताना आपण ते वाजवून पाहतो, तसंच हे. हाडात आवाज किती जिरतो यावरून त्याची पारख करण्याची पद्धत लँग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली मांडली. टाचच का? ती अंगाचा भार पेलते, तिच्यावर मांस थोडं आणि तिचं हाड आतून बहुतेक जाळीदार. पाळी गेल्यावर आधी झिजते ती ही जाळीच.

स्वभावाने ते प्रामाणिक आहे, पण त्याच्या तोंडी नको ते शब्द घातले जातात. पुढे हाड मोडण्याचा धोका किती, याचा अंदाज ते देतं, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांना. रोगाचं निदान मात्र त्याचं काम नव्हे. हाड ठिसूळ ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1994 साली आखलेली उणे अडीचची रेषा डेक्सा या क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी आहे. ती खुब्याच्या आणि मणक्याच्या हाडाला लागू पडते. टाचेच्या आकड्याला तीच रेषा लावून कॅल्शियमच्या गोळ्यांची पुडी हातात देणं मला अजिबात मान्य नाही. पाय सुजलेला किंवा गार असला, तरी यंत्राचा आकडा हलतो.

आणि एक गोष्ट त्याला कधीच कळत नाही: समोरच्या बाईची पाळी कधी आणि कशी गेली. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ भागातल्या कितीतरी बायका दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांवर जातात, डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहतात. शेजारच्या बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या चौकशीसाठी 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर ऐन तिशीत-पस्तिशीत पाळी संपते, इस्ट्रोजेन आटतं आणि हाड झपाट्याने झिजू लागतं. अशी बाई शिबिराच्या रांगेत वयाने तरुण म्हणून मागे राहते, किंवा तिला बोलावतच नाहीत. तिची टाच आधी तपासा. पिशवी काढली का, अंडाशयं राहिली का, आईचा खुबा मोडला होता का, हे तिला बाजूला बसवून एखाद्या बाईनेच विचारा. आकडा कमी निघाला, तर चिठ्ठीवर गोळीच्या आधी डेक्सा कुठे होतो आणि तिथे कोणत्या वारी जायचं, ते लिहा. ऊसतोडीला निघण्याआधी.