काडी काढून बघा

कुडाळ सोडून सावंतवाडीच्या वाटेला लागलं की पिंगुळी येतं. बाहेरच्या माणसाला आमचं गाव राऊळ महाराजांच्या मठामुळे ठाऊक असतं, नाहीतर गुढीपूरच्या ठाकर कलाकारांच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे. 2021 साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून तर लांबलांबची माणसं चौकशी करत येतात. माझा धंदा मात्र दुचाकी दुरुस्तीचा. हायवे जवळ असल्यामुळे गावातल्या गाड्यांइतक्याच परगावच्या गाड्या माझ्याकडे येतात. गोव्याला निघालेली पोरं बुलेट घेऊन येतात, आंबोली चढून जाणारे येतात, आणि चतुर्थीच्या आधी चाकरमानी येतात. या लेखात मला मुख्यतः या शेवटच्या मंडळींशी बोलायचं आहे.

मुंबईहून कुडाळपर्यंत साडेचारशे किलोमीटरहून जास्त रस्ता. पनवेल, माणगाव, पोलादपूर, चिपळूण, हातखंबा, राजापूर करत शंभर सीसीच्या गाडीवर नवराबायको आणि मध्ये पोर असा प्रवास आजही होतो. ट्रेनचं तिकीट मिळालेलं नसतं आणि गणपती तर घरी असतो. निघताना माणूस टायरची हवा बघतो, टाकी भरतो, ब्रेक दाबून बघतो. ऑइल मात्र कोणी बघत नाही. गाडी माझ्या दारात येते ती आवाज करत.

"मेस्त्री, इंजिन टकटक करता, जरा बघशात?"

"ऑइल कधी बघितलंस?"

"बदलून म्हयनोच झालो."

"बदलल्याचा नाय रे, बघितल्याचा विचारतंय."

इथे बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. मी ऑइल मोजायची काडी काढतो आणि ती टोकाला नुसती ओली असते. अशा प्रवासात बिघडलेली जी इंजिनं मी उघडतो, त्यांतली फार थोडी वाईट ऑइलमुळे गेलेली असतात. बाकीची जातात कमी ऑइलमुळे. ऑइल कुठल्या कंपनीचं यावर लोक तासभर वाद घालतात, पण ते इंजिनात किती उरलं आहे हे बघायला अर्धं मिनिट देत नाहीत.

हिशेब साधा आहे. मोटारगाडीच्या इंजिनात तीन-चार लिटर ऑइल असतं. शंभर सीसीच्या दुचाकीत जेमतेम एक लिटर. रिंगा थोड्या झिजलेलं इंजिन लांबच्या पल्ल्यात, ओझं घेऊन, सतत वरच्या वेगात पळवलं तर पाव लिटर सहज खाऊन टाकतं. मोटारीला ते फारसं जाणवणार नाही. दुचाकीतल्या ऑइलचा मात्र चौथा हिस्सा गेलेला असतो, आणि तेवढंच उरलेलं ऑइल क्रँकला, पिस्टनला, हेडमधल्या कॅमला, गिअरला आणि क्लचला पुरवायचं असतं. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनात आतली उष्णता वाहून नेण्याचं बरंचसं कामही तेच करतं. ऑइल कमी झालं की पंप मध्येच हवा ओढतो. सगळ्यात उंचावर असल्यामुळे पहिला मार हेडमधल्या कॅम आणि रॉकरला बसतो. टकटक तिथून येते. त्या आवाजाकडे दुर्लक्ष करून आणखी दोन घाट चढवले की पिस्टन धरतो.

ऑइल बघायची सवय सुटली कशी, याचं माझं उत्तर असं. राजदूत, येझदी, चेतक या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलबरोबर जळायचं. पंपावर गेलं की पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घ्यावंच लागायचं, त्यामुळे प्रत्येक चालवणाऱ्याच्या हाताला ऑइल लागलेलं असायचं. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि मागोमाग फोर-स्ट्रोकचं राज्य आलं. धूर गेला, ॲव्हरेज वाढलं, फार चांगलं झालं. पण ऑइल इंजिनाच्या पोटात गेलं आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांआड झालं. आता ते फक्त सर्व्हिसिंगच्या बिलावर दिसतं. जुनी लोखंडी इंजिनाची बुलेट चालवणारे म्हातारे अजून भेटतात. त्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचचा डबा यांचं ऑइल वेगवेगळं. ही माणसं तिन्ही ठिकाणी बोट घालून बघितल्याशिवाय लांब निघायची नाहीत.

बघायचं कसं, तेही नीट सांगतो, कारण चुकीचं बघण्यानेही घोटाळा होतो. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला घ्या. साइड स्टँडवर ती कललेली असते आणि काडी खोटं बोलते. मेन स्टँड नसेल तर सोबत्याला गाडी सरळ धरायला सांगा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. काडी पुसून परत घाला. बहुतेक गाड्यांत मोजताना ती फिरवून आवळायची नसते, नुसती टेकवायची असते. आपल्या गाडीचं पुस्तक एकदा बघून घ्या. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. पल्सर किंवा नव्या बुलेटसारख्या गाड्यांत काडीऐवजी काचेची खिडकी असते. कमी असेल तर नरसाळ्याने थोडं थोडं घाला आणि पुन्हा बघा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नका. जास्तीच्या ऑइलमध्ये क्रँक घुसळला की फेस होतो, सीलवर दाब येतो आणि ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतं.

सोबत आपल्याच ग्रेडचं अर्धा लिटर ऑइल ठेवावं. डब्यावर 10डब्ल्यू-30 किंवा 20डब्ल्यू-50 असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा आणि दुसरा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. कोकणात बर्फ पडत नाही, त्यामुळे पहिल्या आकड्याची चिंता लेह-लडाखला जाणाऱ्याने करावी. आपण दुसरा आकडा पुस्तकाप्रमाणे आहे ना, ते बघावं. त्याहून महत्त्वाची खूण म्हणजे जासो एमए किंवा एमए2. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या कित्येक ऑइलांत इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लचप्लेटांना लागली की क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला एमबी चालतं. कंपनी वेगळी पण ग्रेड तोच, असं ऑइल वाटेत मिसळलं तर काही बिघडत नाही. रात्री आडगावात फक्त मोटारीचंच ऑइल मिळालं, तर खालच्या खुणेपर्यंत येईल एवढंच घाला, हळू चालवत मोठं गाव गाठा आणि तिथे सगळं बदला. कोरडं इंजिन चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

ऑइल बदलण्याचं काम मात्र रस्त्याकडेला काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गरम ऑइल हात भाजतं. ड्रेन बोल्ट ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसतो, घाईत वाकडा लागला किंवा जोर जास्त झाला की आटे जातात, आणि मग गाडी टेम्पोत घालायची वेळ येते. त्यातून काढलेलं ऑइल टाकणार कुठे?

पावसात आणखी एक प्रसंग येतो. साकवावरून पाणी जात असताना गाडी घातली आणि ती पाण्यात बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलेंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा आणि काडी बघा. ऑइल दुधाळ झालं असेल तर आत पाणी आहे, ते ऑइल चालवायचं नाही. जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी ढकलतच न्या.

बाकीची तयारी थोडक्यात सांगतो. क्लच केबल तुटली की गाडी जागेवर, म्हणून नवी केबल जुनीच्या बाजूने आधीच ओढून बांधून ठेवावी. वेळ आली की फक्त टोकं बदलायची. चेनचं एक जोडलिंक आणि क्लिप जवळ असावी. क्लिपचं बंद तोंड चेन फिरते त्या दिशेला आलं पाहिजे, नाहीतर ती निसटते. दिवसभर पावसात चालवलेली चेन मुक्कामी पुसून तिला गिअर ऑइल लावावं. उन्हाळ्यात जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणीजवळून रोज ये-जा असेल तर एअर फिल्टर लवकर साफ करावा, ती लाल धूळ रिंगा खाते.

आता ज्या गोष्टीचा मला खरा त्रास होतो ती. ओहोळाकाठी, काजूच्या बागेच्या कडेला, देवळामागे कोणीतरी ऑइल ओतून गेलेलं मी बघतो. आमचा जांभा छिद्रांचा दगड आहे. वर ओतलेलं पावसाबरोबर खाली झिरपतं आणि आमच्या विहिरी त्याच दगडात खोदलेल्या आहेत. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचा धातू आणि जळकी द्रव्यं असतात. 2016च्या केंद्रीय नियमांत ते घातक कचरा म्हणूनच धरलेलं आहे. वाळवी लागू नये म्हणून खांबांना लावायला, सेंट्रिंगच्या फळ्यांना फासायला लोक ते माझ्याकडे मागतात. मी देत नाही. ते बॅरलमध्ये साठवून नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्यालाच द्यावं. हातालाही ते लागू देऊ नये, आणि लागलं तर पेट्रोलने धुऊ नये. साबण आणि पाणी पुरतं.

दिवाळीनंतर थंडी पडेल, रस्ते सुकतील आणि तुमच्यातले पुष्कळजण गाडी काढतील. निघण्याच्या सकाळी आणि वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी काडी काढून बघा. ऑइल घरी बदलत असाल तर जुनं ऑइल कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजात द्या. नव्या ऑइलचा रिकामा डबा मात्र भोक पाडूनच टाका, म्हणजे त्यात भेसळीचं ऑइल भरून कोणी दुसऱ्याला विकणार नाही.