धवल्याची चाल

पेणहून रोह्यास जाणाऱ्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली म्हणजे प्रवासाचे सार्थक होते. एका अंगास डोंगरांची रांग, दुसऱ्या अंगास धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेली भातखाचरे व खाजणे, पुढे नागोठण्याची अंबा नदी आणि शेवटी कुंडलिकेच्या काठचे रोहे. गेल्या मार्गशीर्षात आम्ही या वाटेने निघालो असता समोरच्या बाकावरील एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाने पिशवीतून बासरी काढली व एक चाल वाजविण्यास आरंभ केला. चार-पाच स्वरांपलीकडे ती जात नव्हती. एक ओळ उचलावी, खाली आणून टेकवावी, पुन्हा तीच उचलावी, एवढाच तिचा विस्तार. तथापि डब्यातील बोलणी हळूहळू थांबली.

ही चाल मूळची कोठली, यावर लगेच वाद सुरू झाला. एक गृहस्थ म्हणाले, कोणत्या तरी जुन्या चित्रपटातील असावी. आम्ही आपल्या संस्कृतज्ञानाच्या भरवशावर निर्णय दिला की, एखाद्या शास्त्रोक्त रागाचा खेडवळ गळ्यांनी केलेला हा अपभ्रंश होय. मुलाने बासरी खाली ठेवली व म्हटले, "आमचे आजीचा धवला हाय."

'धवला' हा शब्द ऐकताच आम्ही चपापलो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात 'धवल' नामक प्रबंध आहे. तो आशीर्वादपर असून चार, सहा व आठ चरणांवरून त्याचे कीर्ती, विजय व विक्रम असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्याच शतकात ऋद्धिपूर येथे महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी रुक्मिणीस्वयंवराचे धवळे गायिले, हे तर मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. तेव्हा आमचाच पक्ष खरा ठरणार, अशा उमेदीने आम्ही पुढील आठवड्यात त्या मुलाच्या घरी गेलो.

कासू स्थानकावर उतरून पश्चिमेस चालू लागले की जमीन सपाट होत जाते व वाऱ्यास खारा वास येऊ लागतो. हा आगरी लोकांचा मुलूख. आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच त्यांस आगरी म्हणतात. खाडीचे पाणी बांध घालून अडवावे, जमीन गोडी करावी व तीत भात पिकवावे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. त्यांच्या लग्नात हळद, तेलवण इत्यादी प्रत्येक विधीचे गाणे असते. ते गाणारी स्त्री ती धवलारीण. पूर्वी पुष्कळ ठिकाणी भटजीवाचून केवळ तिच्या गाण्यावर लग्न लागे. आपल्या घरांत मंगलाष्टकांचे जे स्थान, तेच तेथे धवल्याचे.

आजी ओसरीवर सुकट निवडीत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या घरात. पण आवाज खणखणीत. त्यांनी दोन धवले म्हणून दाखविले. गाडीतली चाल तीच. परंतु शब्दांसह ऐकताना तीत देवांस, पितरांस व गोतास मांडवात येण्याचे आवाहन आहे, हे कळले. आम्ही विचारले, "मावशी, ही चाल कोणाची?"

"माजे सासूची. तिला तिचे सासूनी दिली."

मग आम्ही त्यांस शार्ङ्गदेवाची हकीकत सांगितली व त्यांचा धवला सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रंथात असल्याची ग्वाही मोठ्या औदार्याने दिली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "गुरुजी, त्यानं पोथीत लिवला, तो कुनाचा ऐकून?"

आम्हांस उत्तर देता येईना. मग आठवले की, शार्ङ्गदेवाच्याही पूर्वी, ११३०च्या सुमारास, चालुक्य राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लासा'त ओवीचा उल्लेख केला, तो महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना गातात ते गीत म्हणून. म्हणजे मुसळ आधी आणि ग्रंथ मागाहून! शास्त्रकारांनी प्रबंधाची नावे व चरण नोंदविले. पण गळ्यातील चाल गळ्यातच राहिली. अपभ्रंश कोणाचा कोणी केला, हे इतकी वर्षे आम्ही वर्गात उलटेच शिकवीत आलो होतो.

असा प्रकार इतरत्रही घडला आहे. आयर्लंडात लिमावाडी गावी जेन रॉस नावाच्या बाईंनी एक लोकधून टिपून घेतली व जॉर्ज पेट्री यांनी ती १८५५ साली आपल्या संग्रहात छापली. १९१३ साली वेदरली नावाच्या इंग्रज वकिलाचे 'डॅनी बॉय' हे गीत तीवर बसविले गेले आणि ती जगभर गेली. बासरीवर तर ती फारच शोभते. टिपणाऱ्या बाईंचे नाव राहिले, छापणाऱ्याचे राहिले, गीतकाराचे राहिले. मात्र ज्याच्याकडून ती ऐकली, त्याचे नाव संग्रहात नाही.

घरी परतल्यावर आम्ही वही उघडली. स्वर टिपले होते, तारीख होती, गावाचे नाव होते. आजींचे नाव मात्र आम्हीही लिहिले नव्हते. लाज वाटली. महिन्याने मुद्दाम पुन्हा गेलो व नाव विचारले. त्या हसून म्हणाल्या, "नाव छापू नका. चाल कोन शिकतं का, तं बगा." नातू वाजवितोच की, असे आम्ही म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "पाव्यानं लगीन लागत नाय. बोल नको?"

बासरीने चाल वाचेल. परंतु आवाहन शब्दांत आहे, आणि ते शब्द त्या गावी आता एकाच गळ्यात उरले आहेत. मांडवात ध्वनिक्षेपक आल्यापासून त्यांस बोलावणेही क्वचितच येते.

आजींचे नाव त्यांच्या इच्छेस मान देऊन येथे दिलेले नाही. वहीत पहिल्याच ओळीत आहे. वाचकांच्या घरीही आजी, आत्या, मावशी असतील. त्यांच्या ओव्या, पाळणे, डोहाळ्यांची गाणी असतील. या दिवाळीत त्यांजवळ बसावे, शब्द व चाल दोन्ही उतरून घ्यावीत, आणि त्याआधी, कोणाकडून घेतले ते नाव लिहावे.