टेबलावरचा टर्बो

माझ्या प्रयोगशाळेत टेबलावर एक निकामी टर्बो वीस वर्षं पडून होता. मुठीएवढं शंखाच्या आकाराचं ओतीव लोखंड, दोन टोकांना दोन चक्र्या, त्यांना जोडणारा बोटाएवढा दांडा. पाती घासून बोथट झालेली, दांडा खिळखिळा. लातूरच्या एका तंत्रनिकेतनात मी ऑटोमोबाइल शिकवायचो. दर वर्षी एक दिवस मी तो टर्बो पोरांच्या हातात द्यायचो आणि सांगायचो, "दांडा हलवून बघा. इंजिनाला कुवतीपेक्षा जास्त श्वास पाजला की हे असं होतं."

पोरं दांडा हलवायची, तो खडखड वाजायचा. कुणी शंका विचारत नसे.

मी चुकीचं शिकवलं. वीस वर्षं शिकवलं, मनापासून शिकवलं. आता निवृत्तीनंतर नांदेडला राहतो, वर्ग समोर नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

माझी समजूत अशी होती: इंजिनाची ताकद त्याच्या घनफळात आणि कारागिरीत असते. ट्रकच्या डिझेल इंजिनाला टर्बो ठीक, त्याला ओझं ओढायचं आहे. पण लहान पेट्रोल गाडीला टर्बो म्हणजे उसनं अवसान. त्यातून आपला मराठवाडा. मे महिन्यात नांदेडचा पारा चव्वेचाळीसला टेकतो, काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरमध्ये पिठासारखी साचते. ही थंड देशांतली चैन इथे कशी टिकणार? याच्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती मी वर्गात कधी बोललो नाही. माझे दोन विद्यार्थी चाकूरच्या अलीकडे मोटारसायकलच्या अपघातात गेले. एकाच्या घरी मी स्वतः निरोप घेऊन गेलो होतो. तेव्हापासून 'स्पोर्टी' हा शब्द मला सहन होत नसे. टर्बोला मी जे बोलायचो, त्यातलं निम्मं त्या निरोपातून आलेलं होतं.

२०१५ च्या ऑक्टोबरात फियाटची अबार्थ पुंटो बाजारात आली. किंमत ९ लाख ९५ हजार, बांधणी आपल्याच रांजणगावची. माझी भाची तेव्हा चाकणला नुकती नोकरीला लागली होती. तिने फोन केला, "मामा, घेऊ का?" मी तिला अर्धा तास टर्बोचे तोटे ऐकवले. तिने नाही घेतली. चार वर्षांनी तीच गाडी तिने जुन्या बाजारातून घेतली, आणि या वेळी मला विचारलं नाही. ते मला लागलं.

मे महिन्यात ती गाडी घेऊन नांदेडला आली. लातूरला लग्न होतं. "मामा, तुम्ही चालवा," म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

नांदेड सोडून लोह्याकडे निघालो. पहिले काही किलोमीटर मला माझंच म्हणणं खरं वाटत राहिलं. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी मठ्ठ होती. पाय दाबला तरी क्षणभर काहीच नाही. सस्पेन्शन ताठर, प्रत्येक ब्रेकर कमरेला कळत होता. स्टिअरिंग जड. पण त्या जडपणात एक गोष्ट लगेच जाणवली. ते हायड्रॉलिक होतं, आणि पुढच्या चाकाखाली खडी आहे की गुळगुळीत डांबर, हे हाताला कळत होतं. हल्लीच्या कितीतरी गाड्यांत स्टिअरिंग फिरतं, पण सांगत काही नाही.

लोह्याच्या पुढे रस्ता कुठे चौपदरी झालेला, कुठे अजून जुनाच दोन पदरी होता. पुढे हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक, त्याच्यापुढे दुसरा. माझ्या स्वतःच्या गाडीत असतो तर मी मागेच राहिलो असतो. नाहीतर गिअर उतरवून, इंजिन किंचाळेपर्यंत ताणून, समोरून येणाऱ्या गाडीकडे बघत जीव मुठीत धरून बाहेर पडलो असतो. इथे तिसऱ्या गिअरमध्ये साठच्या आसपास होतो. रस्ता मोकळा दिसला, पाय दाबला. बॉनेटमधून बारीक शीळ आली आणि गाडीने पाठीला हात लावून पुढे ढकलावं तसं ढकललं. स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढलं गेलं, मी घट्ट धरलं. दोन्ही ट्रक मागे पडले. विरुद्ध बाजूच्या पट्ट्यात मी किती कमी वेळ होतो, हे मला आपल्या पट्ट्यात परतल्यावर कळलं. लगेच पाय काढला, चारही चाकांच्या डिस्क ब्रेकनी गाडी सरळ रेषेत सत्तरवर आणली.

भाची काही बोलली नाही. मीही नाही.

माळेगाव आलं तेव्हा वडिलांची आठवण झाली. खंडोबाच्या यात्रेत ते मला घोड्यांच्या बाजारात फिरवायचे. घोडं किती पळतं हे ते विचारतच नसत. म्हणायचे, "पळतंय तर समदेच म्हणत्यात. लगाम सैल सोडला की काय करतंय अन् ओढला की काय करतंय, त्ये बघावं." मी गाडीकडे कधी असं बघितलंच नव्हतं. मी आकडे बघत आलो होतो.

आणि आकडेही नीट बघितले नव्हते. साध्या पुंटोमध्ये १.४ लिटरचं पेट्रोल इंजिन मिळायचं. ताकद ९० अश्वशक्ती, टॉर्क ११५ न्यूटन मीटर, तोही ४५०० आरपीएमला. अबार्थचं टी-जेट त्याच घराण्यातलं, घनफळ तेच १३६८ सीसी. टर्बो लावल्यावर ताकद १४५ अश्वशक्ती, टॉर्क २१२, आणि हा टॉर्क २००० पासून ४००० पर्यंत सपाट. माझं बोट नेहमी १४५ वर जायचं, म्हणजे वेगावर. खरी गंमत त्या सपाट पट्ट्यात आहे. आपण रोज जिथे गाडी चालवतो, तिथेच ताकद आणून ठेवलेली. इंजिन ताणावं लागत नाही. घाई करावी लागत नाही. मी ज्याला उसनं अवसान म्हणत होतो तो राखून ठेवलेला दम निघाला, आणि दोन पदरी रस्त्यावर त्या दमाची किंमत मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

उसनं तरी कुणाकडून? सायलेन्सरमधून जो तापलेला धूर आपण फुकट हवेत सोडतो, तोच चक्री फिरवतो. त्याच दांड्यावरची दुसरी चक्री हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं, ते वाया जाणारं काम परत मिळवण्याच्या विचारातूनच. उष्टं न टाकणाऱ्या घरातला मी, आणि मला हे उधळेपणाचं वाटावं!

उन्हाचंही मी अर्धंच धरलं होतं. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे एक दशमांश विरळ असते. म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात साधं इंजिनच आधी धापा टाकतं. टर्बो निदान ती तूट भरून काढू शकतो. मात्र दाबलेली हवा आणखी तापते, इंटरकूलर तिला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, मग नॉकिंग टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि थोडी ताकद जाते. त्या दुपारी चाकूरच्या आसपास मला ते जाणवलंही. भर उन्हात गाडीचा धारदारपणा कमी झाला होता. तेवढा माझा जुना मुद्दा मी सोडलेला नाही.

लातूरहून परतल्यावर मी तो टेबलावरचा टर्बो शोधला. निवृत्त होताना बरोबर आणला होता, माळ्यावर होता. देगलूर नाक्याजवळच्या एका मिस्त्रीकडे घेऊन गेलो. शाळा आठवीपर्यंत, पण डिझेल टर्बो खोलण्यात हातखंडा. त्याने दांडा उजेडात धरला, नखाने खरवडला. "सर, हा दांडा निळा पडलाय बगा. अन् हा काळा थर. तेल जळून कोळसा झालाय. टर्बोला शिव्या कामून देता? त्याला तेलच भेटलं नाही."

दांडा निळा आहे हे मी वीस वर्षं बघत होतो. धातू तापून निळा पडतो हे मीच शिकवत होतो. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त तेलाच्या पातळ थराचा असतो. लांबून तापून आलेली गाडी थांबवताक्षणी बंद केली, की तेलाचा पंप थांबतो, आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल तिथेच जळतं. दिवसागणिक कोळसा साचतो, वाट बुजते. हा टर्बो ज्या जीपचा होता, ती कशी चालवली, तेल कधी बदललं, हे मी तेव्हा विचारलंच नाही. मला साक्षीदार हवा होता. मिळाला तसा उभा केला.

त्या वर्गांतली पोरं आज कुठे कुठे आहेत. काही गॅरेज चालवतात, काही मोठ्या कारखान्यांत आहेत. २०१७ च्या मार्चमध्ये टाटांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात टॅमो रेसमो मांडली होती. दोन माणसांची छोटी कूपे, इंजिन आसनांच्या मागे, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, ताकद १९०. एका जुन्या विद्यार्थ्याने फोटो पाठवला होता, "सर, आपली गाडी!" मी उत्तर दिलं होतं, "दांडा हलवून बघ." त्याने पुढे काही लिहिलं नाही. रेसमो कधी विक्रीला आलीच नाही, आणि पुढे अबार्थ पुंटोही बंद झाली. त्या मुलाला मी मागच्या महिन्यात फोन केला. सगळं सांगितलं, निळ्या दांड्यासकट. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "सर, मी पण ज्युनिअर पोरांना तेच सांगत आलो."

वेगाची भीती गेलेली नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. त्या गाडीत मी ऐंशीच्या वर क्वचित जातो. पण भाची आली की लातूरची चक्कर होते आणि किल्ली माझ्याकडे असते. परवा परतून दारात पोचलो, गाडी न्यूट्रलला टाकली. ती उतरून, पिशव्या घेऊन पायरीवर उभी.

"मामा, बंद करा की आता."

"थांब," म्हटलं, "मिनिटभर. आतून अजून लाल असेल."