न सुटणारा ब्रेक

ब्रेक लागत नाही ही भीती सर्वांना ठाऊक असते. तो सुटत नाही, हे दुखणे मात्र मुके असते. भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये पावसाळाभर दाराशी उभी राहिलेली आमची जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली मारुती ८०० त्याच दुखण्याने आजारली. गाडी जड ओढे, पुढच्या डाव्या चाकातून जळका वास येई. आणि आईला तर याच गाडीतून नर्मदेवर, नर्मदापुरमला न्यायचे होते. वाटेत बुधनीचा घाट.

मागच्या चाकांना विटा लावून, जॅकखेरीज स्टँडचाही आधार देऊन आम्ही चाक उचलले. ते फिरेना. कॅलिपरचा निपल किंचित सैल केला. तेल उडून चाक सुटले तर दाब मागे अडकला आहे. न सुटले तर पिस्टन वा पिना गंजल्या. चाक तत्काळ सुटले. बाकीची चाके मोकळी होती, तेव्हा संशय रबरी नळीवर आला. बाहेरून धडधाकट, आतून सुजलेली! पायाच्या जोराने तेल पुढे जाई, परतताना अडे.

नळीबरोबर तेलही बदलले. ते हवेतील ओल शोषते. डॉट-३ प्रतीचे कोरडे तेल किमान २०५ अंशांपर्यंत टिकते, ओलावलेले १४० च्या आसपासही उकळू शकते, आणि मग उतारावर पॅडल पोकळ होते.

हवा काढायला दोघे लागतात. आई पॅडलवर, आम्ही चाकाशी. ‘दाब’, ‘धरून ठेव’, ‘सोड’, असे बुडबुडे थांबेपर्यंत चालले.