काटा एकटीसाठीच

उंची पाच फूट, वजन ७४ किलो, वय ३६. पुण्यातल्या पहिल्या दवाखान्यात यांतल्या शेवटच्या आकड्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. "आधी १५ किलो उतरवा, मग आयव्हीएफचं बघू." कारणं खोटी नव्हती. वजन जास्त असलं की इंजेक्शनांचा डोस वाढतो, गर्भपाताची शक्यता वाढते, स्त्रीबीजं काढताना भूल देणंही जोखमीचं होतं. पण १५ किलो उतरायला किती महिने लागतील आणि तोवर बीजांचं काय, हे विचारायला तोंड उघडलं तर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

आमच्या घोरावाडीत बातमी लपत नाही. जावेने भात बंद करायला सांगितलं, शेजारच्या काकूंनी मेथीचं पाणी. मी पहाटे घोरावडेश्वराच्या डोंगराच्या पायऱ्या चढू लागले. वर लेण्यांपाशी पोचेपर्यंत कुडता पाठीला चिकटलेला असायचा. सातेक किलो उतरले आणि पीसीओडीमुळे दोन-दोन महिने गायब असणारी पाळी गोळीशिवाय यायला लागली. हा फायदा खराच. पाच-दहा टक्के वजन घटलं तरी अनेकींचं बीज पुन्हा फुटू लागतं.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र वय आधी पाहिलं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाबद्दल त्यांच्याकडूनच कळलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेला, ५७७ स्त्रियांचा. निम्म्यांना आधी सहा महिने वजन घटवायला लावलं, बाकीच्यांचे उपचार लगेच सुरू केले. पूर्ण दिवसांचं, निरोगी, एकच बाळ नैसर्गिक प्रसूतीने होण्याचं प्रमाण दोन वर्षांत पहिल्या गटात २७ टक्के होतं, दुसऱ्यात ३५. उपचारांशिवाय दिवस राहणाऱ्या मात्र पहिल्या गटात जास्त होत्या. म्हणजे वजन घटवणं वाया जात नाही, पण त्यापायी सरसकट सगळ्यांना थांबवण्यात अर्थ नाही. पस्तिशीनंतर तर नाहीच. "चालणं सोडू नका," बाई म्हणाल्या, "पण बीज फुटण्यासाठीची लेट्रोझोलची गोळी याच पाळीपासून सुरू करू."

मग त्या आमच्या यांच्याकडे वळल्या. "तुमचं वजन?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला गेला. पुरुषाच्या लठ्ठपणानेही शुक्राणूंवर परिणाम होतो, हे ऐकताना ते पोट आत घेऊन बसले होते. ९२ किलो भरले. घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पुरुषाच्या अंगावर शोभतं." यांच्या पोळ्यांवरचं तूप मी त्याच रात्री बंद केलं.