डाव्या अंगाचं दुखणं

अर्धांगवायूनंतर मी पुन्हा चालायला लागले, तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले. दुखणं आलं ते त्यानंतर काही महिन्यांनी. डावा हात दिसायला धडधाकट, पण सुती पदर नुसता घासला तरी कातडीची आग होते. गार पाणी तर सोसवतच नाही. हाताला इजा नाही, बिघाड मेंदूतल्या थॅलॅमसमध्ये आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. देजेरिन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ मध्येच हे दुखणं नोंदवून ठेवलंय, हे वाचून मला रडूच आलं. म्हणजे हे मनाचे खेळ नव्हेत! नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. रात्री अमिट्रिप्टिलिन घेते, थोडी झोप लागते. "आता बरी आहेस ना गं?" थोरल्या जाऊबाई मायेनं विचारतात. त्यांना हल्ली मी खरं तेच सांगते: चालतेय, आणि दुखतंयही.