मागची सीट कोणाची?

तुमच्या घरी सात सीटची गाडी असेल तर जरा आठवून पाहा, मागच्या दोन सीट्सवर शेवटचं कोण बसलं होतं? आमच्या घरी हा प्रश्न आईने गेल्या वर्षी आषाढात, रात्री जेवताना विचारला. आजी म्हणाली, ‘‘काकाची मुलं.’’ ती मुलं आता पुण्यात असतात. मोठा तर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे चार वर्षं तरी झालीच.

खरं म्हणजे आईला उत्तर नकोच होतं. तिला ती जागा हवी होती.

आम्ही रायपूरचे, तात्यापाऱ्यातले. इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमचं मराठी ऐकून पुण्याची भावंडं हसतात, कारण दर तिसऱ्या वाक्यात हिंदी डोकावते. पण भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट याबाबतीत आमच्याकडे तडजोड नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आईने शेजारच्या दोन घरांना थालीपिठाची भाजणी करून दिली, तिथून सुरुवात झाली. मग चौबे कॉलनीतून फोन आले, मग शंकर नगरमधून आणि नंतर थेट भिलाईहून. तिथेही मराठी कुटुंबं बरीच आहेत. सुरुवातीला सगळं माझ्या स्कूटीवरून जायचं. पायाशी पिशवी, मागे पिशवी, मांडीवर डबा. एका गणपतीत दोन किलो चकल्यांचा गोलबाजारच्या गर्दीत चुरा झाला. त्या रात्री आई रडली नाही, पण हिशेबाच्या वहीत ‘चकली’ या शब्दावर तिने इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला.

आणि घरासमोर गाडी उभी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, पण छत्तीसगडच्या कुठल्याही गावात चौकात उभे राहिलात तर पाच मिनिटांत दोन तरी दिसतील. पुढे दोन, मध्ये तीन आणि मागे समोरासमोर दोन आडव्या सीट्स. बाबांनी ती २०१३ मध्ये घेतली तेव्हा घरात आम्ही नऊ माणसं होतो. आजोबांना खरं तर सुमो हवी होती. १९९४ मध्ये ती बाजारात आली तेव्हापासून त्यांच्या मनात होती, आणि भेटेल त्याला ते सांगायचे की सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून नाही, आपल्या सुमंत मूळगावकरांवरून आलंय. सु आणि मो. (हे खरं आहे.) सुमो काही आली नाही, पण ‘सगळे मावले पाहिजेत’ ही त्यांची अट बाबांनी पाळली. नागपूरची लग्नं, डोंगरगडची बमलेश्वरी, राजिमचा मेळा, सगळीकडे आम्ही सीटपेक्षा दोन जास्तच असायचो.

मग आजोबा गेले. घराच्या वाटणीवरून बाबा आणि काकांचं काहीतरी झालं, जे आम्हा मुलांना कधी नीट सांगितलं गेलं नाही. काका पुण्याला गेले. मागच्या सीट्स तशाच राहिल्या, त्यांच्यावर जुनी चादर.

‘‘त्या सीट्स काढून टाकू,’’ आई म्हणाली, ‘‘माझे डबे बसतील.’’

‘‘गाडी आहे ती, टेम्पो नाही,’’ बाबा म्हणाले, ‘‘उद्या कोणी आलं तर?’’

‘‘कोण येणार आहे?’’

यावर बाबा ताटावरून उठले. आईने त्यांना थांबवलं नाही. फक्त म्हणाली, ‘‘तुमच्या भावाची जागा मी काढून घेत नाहीये. माझी मागतेय.’’

दोन दिवस घरात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. तिसऱ्या दिवशी गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवलेली दिसली. बाबांचा होकार असाच असतो.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी कंटेंट रायटर आहे. गाडीच्या डिकीत सामान कसं लावावं यावर मी क्लायंटसाठी किमान चार लेख लिहिले आहेत, तेही स्वतः कधी डिकी न लावता. तेव्हा या मोहिमेची तज्ज्ञ मीच. मी सांगितलं, सीट म्हणजे चार बोल्ट, त्यात काय! गॅरेजवाल्या भैयाने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘निकल तो जाएगी दीदी, पर रखोगे कहाँ?’’ हा प्रश्न माझ्या चारही लेखांत नव्हता.

बोल्ट गंजलेले होते. स्प्रे मारून, पान्याला पाइप लावून, दोन तास खटपट करून एकेक सीट सुटली. खाली काय निघालं म्हणाल? एक रुपयाची नाणी, चॉकलेटचे कागद, आजीच्या चष्म्याची हरवलेली डबी आणि एक टेनिसचा बॉल, त्यावर काकाच्या धाकट्याने स्केचपेनने काढलेला चेहरा. बाबा तोवर लांब उभे होते. त्यांनी तो बॉल उचलला आणि खिशात घातला. कोणी काही बोललं नाही.

आता जागा किती वाढली ते ऐका, कारण तुम्हीही असा विचार करत असाल तर हेच महत्त्वाचं आहे. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच कमी. आडव्या सीट्स मागच्या चाकांच्या उंचवट्यावर बसवलेल्या असतात. सीट गेली तरी तो उंचवटा तिथेच. दोन उंचवट्यांमधली जमीन तर सीट्स वर दुमडल्यावर आधीही मोकळीच होती. मोजपट्टी लावून आधी मोजलं असतं तर कळलं असतं की वर दुमडलेल्या आणि काढलेल्या सीट्समधला फरक फक्त दोन मोठ्या डब्यांचा होता. पण आधी कोण मोजतं?

तरी आई खूश होती. श्रावणातल्या पहिल्या फेरीला उपवासाच्या भाजणीचे, राजगिऱ्याच्या लाडवांचे डबे आणि भिलाईच्या एका घरच्या कार्यासाठी तेलाचा पंधरा किलोचा डबा मागे रचला. मध्ये आजी आणि मी, पुढे आई-बाबा. टाटीबंध ओलांडून कुम्हारीकडे निघालो. पावसाळ्यात आमच्याकडच्या रस्त्यांवर गाई-म्हशी अगदी बैठक मारून बसतात, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. अशीच एक गाय ट्रकच्या आडून उठली. बाबांनी करकचून ब्रेक मारला.

गाय वाचली. मागून मात्र असा आवाज आला की मला वाटलं कोणी येऊन धडकलं. तेलाचा डबा घसरत येऊन आजीच्या पाठीमागच्या बाजूवर आदळला होता आणि त्याच्या वरचा लाडवांचा स्टीलचा डबा उडून, सीटच्या पाठीवरून, आजी आणि माझ्या मधोमध येऊन पडला. आजीच्या कानापासून वीतभर अंतरावरून. आजी काही क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘लाडू फुटले का गं?’’

माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. रात्री मी शाळेतलं भौतिकशास्त्र आठवून गणित केलं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एखाद्या गोष्टीला धडकून थांबली, तर आतली मोकळी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. तो वेग म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून ती वस्तू खाली पडताना येणारा वेग. तेलाचा पंधरा किलोचा डबा तिसऱ्या मजल्यावरून आजीच्या अंगावर. मी यापुढचं गणित केलं नाही.

आजीने त्या दिवशी सीटबेल्ट लावला नव्हता. मागे बसणाऱ्यांनी बेल्ट लावायचा असतो हे आपण सगळे २०२२ मध्ये, पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले तेव्हा आठवडाभर बोललो आणि मग विसरलो. मोटार वाहन नियमांतला बेल्टचा नियम तेव्हाच्या कितीतरी आधीचा आहे. तो समोर तोंड असलेल्या मागच्या सीट्सना लागू होतो. आमच्या त्या आडव्या सीट्सवर मात्र बेल्टच नव्हते. म्हणजे लहानपणी ज्या जागेसाठी आम्ही भावंडं भांडायचो ती गाडीतली सगळ्यात असुरक्षित जागा होती. हे कळल्यावर ‘उद्या कोणी आलं तर?’ या बाबांच्या प्रश्नाचा अर्थच बदलला.

दुसरा धक्का विम्याचं नूतनीकरण करायला आलेल्या एजंट काकांनी दिला. चहा पिताना त्यांनी सहज गाडीत पाहिलं आणि विचारलं, ‘‘सीटें कहाँ गईं?’’ गाडीच्या आरसीवर बसणाऱ्यांची संख्या सात लिहिलेली असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालणार नाहीत असं स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आली. ‘‘रोज कोई पकड़ेगा नहीं,’’ काका म्हणाले, ‘‘पण अपघात झाला आणि क्लेमच्या वेळी गाडी कागदासारखी नसली, तर वाद तुमच्याशीच होणार.’’

तोवर त्या सीट्स कुठे होत्या? एक जिन्याखाली. दुसरी ओसरीत, भिंतीला टेकवलेली, आणि तिच्यावर रोज दुपारी आजी पाय पसरून तांदूळ निवडत बसायची. ‘‘गाडीत कधी हिच्यावर बसायला मिळालं नाही, मागे चढताच येत नाही मला,’’ ती म्हणायची. सीट परत बसवायची म्हटल्यावर खरा विरोध आजीचाच झाला. शेवटी तिला एक बुटकी खुर्ची आणून द्यावी लागली.

तर सीट्स परत बसल्या, नव्या बोल्टसह. आता त्या वर दुमडून पट्ट्याने बांधलेल्या असतात. आईने दोन उंचवट्यांमधली रुंदी मोजली, या वेळी आधी मोजली, आणि तेवढेच बसतील असे प्लास्टिकचे क्रेट आणले, भाजीवाले वापरतात तसे. जड सामान खाली आणि मधल्या सीटच्या पाठीला अगदी चिकटवून. सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचायचं नाही. ट्रकवाले माल आवळतात तसले पट्टे आम्ही टाटीबंधच्या दुकानातून घेतले आणि जमिनीला पक्के हूक लावलेत. त्यावर जाळी. वजनाचंही भान ठेवतो. मागे दोन माणसं बसणार नाहीत म्हणजे फार तर दीडशे किलोची सोय होते, जागा आहे म्हणून तीनशे किलो भरता येत नाही. मोठी ऑर्डर असेल त्या दिवशी मधली सीटही दुमडतो आणि आजी घरी राहते. भाड्याने दुसऱ्यांचा माल न्यायचा विचार तुमच्या डोक्यात असेल तर ती गोष्ट वेगळी, त्यासाठी खासगी गाडी चालत नाही, आधी आरटीओत चौकशी करा.

तुम्ही म्हणाल, मग हा सगळा खटाटोप फुकट गेला. मला तसं वाटत नाही. बुधवार आता घरात ‘आईचा वार’ आहे. त्या दिवशी गाडी दुसऱ्या कोणाच्या कामाला निघत नाही. पूर्वी बाबा ‘‘आज जमणार नाही,’’ असं सहज म्हणायचे. आता ते मंगळवारी रात्रीच टायरची हवा तपासून येतात.

दिवाळीत काका-काकू आले, चार वर्षांनी पहिल्यांदा. निमित्त आजीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं. स्टेशनवर घ्यायला जायचं होतं. बाबांनी सकाळी मागचे पट्टे सोडून सीट्स खाली केल्या, पुसल्या, आणि थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग पुन्हा वर दुमडून बांधल्या. मुलांसाठी त्यांनी ऑटो सांगितला. बेल्ट नाहीत, ते म्हणाले. धाकटा आता बाबांच्या खांद्याला लागतो. घरी आल्यावर बाबांनी कपाटातून तो बॉल काढला आणि काही न बोलता त्याच्याकडे टाकला. काका ते बघत होते. त्या रात्री दोघं भाऊ ओसरीत बराच वेळ बसले होते. काय बोलले ते आम्हाला अजूनही माहीत नाही.

माझ्या एका लेखासाठी मी ट्रायबरबद्दल वाचत होते. २०१९ मध्ये आली ही गाडी. तिची तिसरी रांग कंपनीनेच अशी बनवली आहे की सीट्स पूर्ण काढून बाजूला ठेवता येतात. सातही सीट्स लावल्या तर डिकी ८४ लिटरची, शेवटच्या दोन काढल्या तर ६२५. मी हे आकडे जेवताना मोठ्याने वाचले. बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

परवा चहा घेताना त्यांनी विचारलं, ‘‘ते तू काय म्हणत होतीस? सहाशे पंचवीस?’’

आई आतून म्हणाली, ‘‘शोरूमला मी पण येणार. आणि आधी मला चालवायला शिकवा.’’

सध्या दोघं रोज सकाळी सहाला गाडी घेऊन बाहेर पडतात. परत येतात तेव्हा दोघांचेही चेहरे लाल असतात आणि अर्धा तास कोणी कोणाशी बोलत नाही.